घरच्या चित्रफितींना तारीख, गाव आणि पूर्ण नावे लावा

संपादक महोदय,
स. न.

जुन्या लग्नांच्या, मुंजींच्या, बारशांच्या कॅसेटी डिजिटल करून देणारी दुकाने आता लातूर, नांदेड, परभणीसारख्या शहरांत सापडतात. कॅसेट द्यायची, चार दिवसांनी पेनड्राइव्ह घ्यायचा. पेनड्राइव्ह उघडला की ‘न्यू फोल्डर’मध्ये ‘मूव्ही १’, ‘मूव्ही २’ अशा फायली दिसतात. कॅसेटच्या खोक्यावर बॉलपेनने लिहिलेली तारीख, गाव आणि नवरा-नवरीची नावे मात्र दुकानातच राहतात किंवा खोक्यासकट रद्दीत जातात. चित्र वाचले, पण ते कुणाचे, कधीचे, कुठले हे गेले. ते सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये, असे मनापासून वाटते.

कॅसेट दुकानात देण्यापूर्वी खोक्याचे, चिठ्ठीचे आणि कॅसेटच्या कण्याचे मोबाइलवर फोटो काढून घ्यावेत. प्रत्येक कॅसेटला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक फाइलच्या नावात यावा, अशी अट दुकानदाराला लेखी घालावी. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. अशी कॅसेट साफ न करता डेकमध्ये, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्रात, घातली की फीत तर खरवडतेच, शिवाय डेकच्या हेडवर बुरशी चढून पुढच्या कॅसेटीही खराब होतात.

व्हीएचएस फितीत तारखेची वेगळी नोंद नसते. चित्राच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेली तारीख असली तर तेवढीच. मिनीडीव्हीचे तसे नाही. त्या लहान कॅसेटीत प्रत्येक चौकटीबरोबर (फ्रेमबरोबर) चित्रीकरणाची तारीख-वेळ नोंदलेली असते. कॅमेरा संगणकाला थेट जोडणाऱ्या फायरवायर केबलने कॅसेट जशीच्या तशी उतरवली तर ती नोंद फाइलमध्ये येते. विनडीव्हीसारखा लहानसा मोफत प्रोग्रॅम त्यावरून प्रसंग सुटे करतो आणि फायलींना तारखेची नावेही देतो. पण बरीच दुकाने तीनरंगी एव्ही वायर लावून पुन्हा रेकॉर्ड करतात किंवा जागा वाचवायला थेट एमपीफोर करतात, आणि तिथे ही नोंद कायमची जाते. एका तासाच्या मिनीडीव्हीची मूळ फाइल साधारण १३ जीबी होते. एका टीबीच्या डिस्कवर अशा पंचाहत्तरेक कॅसेटी मावतात. तेव्हा मूळ डीव्ही फाइल मागून घ्यावी आणि टीव्हीवर पाहण्यासाठी हवी तर वेगळी लहान प्रत करावी.

कॅमेऱ्यातला बटणासारखा लहान सेल संपलेला असेल तर सगळ्या चित्रणावर कॅमेऱ्याची आरंभीची चुकीची तारीख पडते. अशा वेळी एका ओळखीच्या क्षणाचा आधार घ्यावा. शाळेतले १७ सप्टेंबरचे, मराठवाडा मुक्तिदिनाचे झेंडावंदन असेल किंवा पत्रिकेवर मुहूर्त छापलेल्या लग्नातल्या मंगलाष्टका असतील. तिथली खरी वेळ आणि फाइलमधली वेळ यांतला फरक काढायचा आणि त्या कॅसेटीवरच्या सगळ्या फायली तेवढ्याच फरकाने सरकवायच्या. एक्झिफटूल हा प्रोग्रॅम एमपीफोर आणि मोव्ह फायलींत हे एका फटक्यात करतो. एव्हीआय आणि एमकेव्ही फायली मात्र तो फक्त वाचतो, त्यांत लिहीत नाही. त्यांची माहिती शेजारच्या वेगळ्या फाइलमध्येच ठेवावी लागते.

पत्रिका जुनी असेल आणि तीवर नुसती तिथी आणि शक असेल, तर चैत्र ते मार्गशीर्ष शुद्ध पक्षासाठी शकात ७८ मिळवावेत, माघ-फाल्गुनासाठी ७९. शके १९१५ चा वैशाख म्हणजे १९९३. मार्गशीर्षाचा वद्य पक्ष आणि पौष महिना डिसेंबर-जानेवारीवर पडू शकतात, त्यामुळे तिथे त्या वर्षीचे पंचांग पाहिल्याशिवाय साल लिहू नये. येळवशीच्या चित्रणालाही हेच लागू आहे, कारण मार्गशीर्षातली ही अमावस्या कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. तारीख नक्की कळत नसेल तर फक्त वर्ष किंवा वर्ष-महिना लिहून थांबावे. अंदाजाने १ जानेवारी टाकली की पुढे ती कुणीही खरीच मानतो.

मोबाइलवरच्या चित्रणात घोळ वेगळा आहे. बहुतेक फोन व्हिडिओच्या फाइलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेने नोंदवतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. फोटोत मात्र स्थानिक वेळ असते. त्यामुळे नाथषष्ठीला पैठणला पहाटे ४ वाजता घेतलेला व्हिडिओ काही प्रोग्रॅममध्ये आदल्या रात्री साडेदहाचा दिसतो आणि त्याच वेळचा फोटो दुसऱ्या दिवशीच्या फोल्डरमध्ये जातो. फायलींना तारखेवरून आपोआप नावे देण्यापूर्वी हे साडेपाच तास मिळवले जातात की नाही, हे मध्यरात्र ते पहाटे साडेपाचच्या दरम्यानची एखादी फाइल घेऊन तपासावे. दुपारच्या फायलींवर ही चूक दिसत नाही, कारण तिथे वेळ बदलली तरी दिवस तोच राहतो.

सर्वांत जास्त नुकसान व्हॉट्सॲपने होते. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि त्यातली मूळ तारीख आणि ठिकाण निघून जाते. अँड्रॉइड फोनवर अशा फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे आणि एक तारीख असते. ती तारीख फाइल पाठवल्या-मिळाल्याची असते, चित्रणाची नव्हे. म्हणून पाहुण्यांकडून लग्नाचे व्हिडिओ मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे स्पष्ट सांगावे. तसे पाठवले की फाइल जशीच्या तशी येते. विंडोजमधल्या ‘डेट क्रिएटेड’वरही विसंबू नये, ती फाइल कॉपी केल्याची तारीख असते.

आता ठिकाण. मराठवाड्यात हा कप्पा भरताना विशेष काळजी घ्यावी लागते, कारण गाव तिथेच राहून जिल्हा बदललेला असतो. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळा जिल्हा झाला. हिंगोलीतल्या १९९५ च्या लग्नपत्रिकेवर जिल्हा परभणी असणारच. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. एका भावाने जुने नाव लिहिले आणि दुसऱ्याने नवे, तर शोधताना अर्धा संग्रह सापडत नाही. म्हणून गाव, तालुका, तेव्हाचा जिल्हा आणि आताचा जिल्हा असे चारही लिहावेत. किल्लारी-सास्तूरकडच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपापूर्वीच्या चित्रणावर ‘जुने गाव’ असे आवर्जून लिहावे. पुनर्वसनात गाव दुसऱ्या जागी गेले, नाव तेच राहिले. जुन्या गल्ल्या, वाडे, मंदिरे हलत्या चित्रात फक्त अशाच घरगुती कॅसेटींत उरली आहेत.

माणसांची नावे लिहिताना मामा, अक्का, बापू असे लिहून चालत नाही. एकाचा मामा दुसऱ्याचा आजोबा असतो. पूर्ण नाव लिहावे, बायकांचे माहेरचे आणि सासरचे दोन्ही. १९८८ च्या चित्रणातली मुलगी आणि २०१० च्या चित्रणातली सून एकच आहे, हे पुढच्या पिढीला दुसऱ्या कशावरूनही कळणार नाही. कोण कितव्या मिनिटाला दिसते तेही टिपावे, उदाहरणार्थ ‘१२ मिनिटे ४० सेकंद, पंगतीत डावीकडून तिसरे’. मोठ्या माणसांना शेजारी बसवून व्हिडिओ थांबवत थांबवत हे विचारावे आणि ते सांगत असताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवावा. लिहिताना सुटलेले त्यातून मिळते.

फाइलचे नाव आटोपशीर असावे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, गाव, प्रसंग, कॅसेट क्रमांक. उदाहरणार्थ ‘१९९४-०५-१५_उदगीर_लग्न_क०७’. इथे छापताना आकडे मराठी आहेत, पण फाइलच्या नावात ते इंग्रजीच टाइप करावेत. दोन्ही मिसळले की क्रम मोडतो आणि तारीख ओळखणाऱ्या प्रोग्रॅमना मराठी आकडे कळत नाहीत. नाव मराठीत जरूर ठेवावे, पण एका अक्षराशी जपून. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द असतात. शिवाय ऱ हे अक्षर कुठे एक चिन्ह म्हणून साठते, कुठे र आणि नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. मॅकच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवरून विंडोजवर सिंक करताना, म्हणजे दोन्हीकडचे फोल्डर एकसारखे करताना, त्यामुळे एकाच फाइलच्या दोन प्रती तयार होतात. फाइलच्या नावात हे अक्षर टाळावे, आतल्या माहितीत खुशाल लिहावे. लिनक्सवर चालणाऱ्या घरच्या सर्व्हरवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि मराठीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेते. पंच्याऐंशी चिन्हांतच जागा संपते. पत्रिकेतला ‘चि. सौ. कां.’पासूनचा पूर्ण मजकूर तिथे मावणार नाही.

सविस्तर माहिती फाइलशेजारी, त्याच नावाच्या एनएफओ फाइलमध्ये लिहावी. जेलीफिन आणि कोडी हे घरचा व्हिडिओसंग्रह टीव्हीवर दाखवणारे दोन्ही प्रोग्रॅम ती वाचतात, आणि उद्या दोन्ही बंद पडले तरी ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. जतन करताना ‘यूटीएफ-८’ निवडावे. जुने नोटपॅड तसे आपणहून करत नसे आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उरत. एक्सेलच्या यादीसाठीही ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

कोडीत या फोल्डरला ‘लोकल इन्फॉर्मेशन ओन्ली’ लावावे. जेलीफिनमध्ये इंटरनेटवरून माहिती आणणारे सगळे पर्याय बंद करून एनएफओ चालू ठेवावे. नाहीतर हे प्रोग्रॅम इंटरनेटवर नाव शोधतात आणि आत्याच्या लग्नावर कुठल्यातरी सिनेमाचे पोस्टर चिकटवतात. कलाकारांच्या जागी घरच्यांची नावे घातली की आजीच्या नावावर क्लिक करताच आजी दिसणारी सगळी चित्रणे समोर येतात. प्रोग्रॅमच्या खिडकीत टाइप केलेली माहिती मात्र त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहते. एनएफओत जतन करण्याचा पर्याय चालू केला नसेल तर संगणक फॉरमॅट केला त्या दिवशी ती गेली.

सिंक म्हणजे बॅकअप, हा समज अनेक घरांचा संग्रह घालवतो. दोन्ही बाजूंनी चालणारे सिंक खोडलेली फाइल दुसरीकडेही इमानदारीने खोडते. म्हणून एक डिस्क ‘मूळ’ ठरवावी आणि बदल फक्त तिच्यावर करावेत. बाकीच्या डिस्कवर एकाच दिशेने प्रत जावी. फ्रीफाइलसिंक या प्रोग्रॅममध्ये ‘मिरर’ निवडावे आणि खोडलेल्या फायली ‘व्हर्जनिंग’च्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असे करावे. सुरू करण्यापूर्वी किती फायली खोडल्या जाणार हा आकडा दिसतो, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. फोनसाठी सिंकथिंग चांगला आहे; त्याचे मूळ अँड्रॉइड ॲप २०२४ मध्ये बंद झाले, म्हणून तिथे ‘सिंकथिंग-फोर्क’ घ्यावे. फोनवर ‘फक्त पाठवा’, संगणकावर ‘फक्त घ्या’. तरीही फोनची जागा मोकळी करताना खोडलेले व्हिडिओ संगणकावरूनही जातात, म्हणून संगणकाच्या बाजूला जुन्या आवृत्त्या राखण्याचा पर्याय चालू ठेवावा. आलेल्या फायली त्या फोल्डरमधून हलवू नयेत, मूळ संग्रहात कॉपी कराव्यात.

नावे आणि आतली तारीख आधी पक्की करावी, सिंक त्यानंतर. फाइलच्या आत तारीख बदलली की अख्खी फाइल नव्याने लिहिली जाते आणि पुन्हा सगळे जीबी कॉपी होतात. शेवटी प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, काढून यादी ठेवावी. पुढच्या वर्षी ठसा जुळला नाही तर ती फाइल बिघडली हे कळते आणि दुसऱ्या डिस्कवरून चांगली प्रत घेता येते. असा बिघाड नुसत्या आकारावरून किंवा तारखेवरून ओळखू येत नाही.

पेनड्राइव्हवर कायमचा साठा करू नये. एफएटी-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कवर लिहिताना लाइट गेली तर फायलींची सूचीच बिघडू शकते. विंडोजच्या घरात हार्डडिस्क एनटीएफएस ठेवावी आणि कॉपी यूपीएसवर किंवा चार्ज असलेल्या लॅपटॉपवरूनच करावी. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी शेकडो जीबी उतरवायला बसू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम डिस्कचे तापमान दाखवतो, ते पन्नाशीकडे गेले की थांबावे. त्यातच ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा शून्यावरून वर गेला तर त्या डिस्कवर भरवसा न ठेवता आधी प्रत काढावी. एक डिस्क दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असावी.

लग्नाच्या शूटिंगवाल्यांना एक विनंती आहे. मिक्सिंग केलेल्या फाइलबरोबर कॅमेऱ्यातले मूळ चित्रण आणि तारीख, गाव, दोन्हीकडची नावे लिहिलेली एक मजकूर फाइल द्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. दुसरी विनंती जिल्हा ग्रंथालयांना. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, आणि नव्या लॅपटॉपना फायरवायरचे भोक नसते. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी चालू स्थितीतला एक व्हीसीआर, एक मिनीडीव्ही कॅमेरा, फायरवायर कार्ड बसवलेला एक जुना डेस्कटॉप आणि ते चालवता येणारा एक माणूस एवढे ग्रंथालयाने ठेवावे. भूकंपग्रस्त भागातल्या कॅसेटींपासून सुरुवात करावी.

आपला,
चित्रफिती डिजिटल करण्याच्या कामातला एक वाचक,
लातूर