नाही म्हटले तरी उत्तरच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

येत्या आठवड्यात ज्या अभिनेत्रीची मुलाखत तू घेणार आहेस, तिच्यासाठी तुमच्या डेस्कने काढलेली प्रश्नांची यादी सावकाश वाचली. भूमिकेची तयारी, दिग्दर्शकाशी झालेले मतभेद, चित्रीकरणात झालेली दुखापत, हे प्रश्न नेमके आहेत आणि तू अभ्यास केला आहेस हे त्यांतून कळते. मी अडखळले ती शेवटच्या प्रश्नाशी: ‘लग्नाला दोन वर्षे झाली, मग गोड बातमी कधी?’ पुढे तू लिहिले आहेस की हा प्रश्न वरून आला आहे, हलकाफुलका आहे, आणि तिला नको असेल तर ती हसून टाळेल. तुझ्या या शेवटच्या वाक्यासाठीच हे पत्र लिहीत आहे, कारण हा प्रश्न टाळता येत नाही.

कॅमेऱ्यासमोर बसलेल्या त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तिला मूल नकोच असेल. हवे असेल पण होत नसेल. उपचार चालू असतील. दिवस गेले असतील पण अजून आईलाही सांगितले नसेल. किंवा मागच्याच महिन्यात गर्भ पडला असेल. यांपैकी काय खरे आहे हे तुला ठाऊक नाही आणि ते ठाऊक असण्याचे काही कारणही नाही. आता ती ‘नाही’ म्हणाली आणि पुढे बातमी आली, तर ती खोटे बोलली असे ठरते. ‘बघू’ म्हणाली तर त्याच संध्याकाळी ‘दिले संकेत’ असा मथळा लागतो. नुसती हसली तर ‘लाजली’, गप्प राहिली तर ‘मौन बाळगले’ आणि आवाज चढवला तर ‘भडकली’. बाकीच्या कुठल्याही प्रश्नाला ‘यावर मला बोलायचे नाही’ असे म्हणता येते आणि गोष्ट तिथे संपते. इथे मात्र नकारसुद्धा उत्तर म्हणूनच वाचला जातो.

लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के आपोआप संपतात आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच. म्हणूनच तीन महिने उलटेपर्यंत पुष्कळ बायका कोणाला काही सांगत नाहीत. टेनिसपटू सेरेना विल्यम्सने जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा ती सुमारे आठ आठवड्यांची गरोदर होती, आणि त्या अवस्थेत ती सामन्यांनंतर पत्रकारांसमोर बसून सर्व्हिसबद्दल बोलत होती. तिची बातमी एप्रिलमध्ये फुटली, तीही तिच्याच हातून चुकून टाकल्या गेलेल्या एका छायाचित्रामुळे. मधल्या महिन्यांत कोणी तिला थेट विचारले असते, तर खोटे बोलणे किंवा सर्वांत नाजूक दिवसांत सगळ्या जगाला सांगून मोकळे होणे, एवढेच तिच्या हाती उरले असते.

हॉलिवूडची अभिनेत्री जेनिफर अ‍ॅनिस्टनचे उदाहरण मला याहून बोचते. वर्षानुवर्षे मासिकांची मुखपृष्ठे तिच्या पोटाकडे बोट दाखवत राहिली. जेवल्यानंतर काढलेले छायाचित्रही पुरावा म्हणून छापले गेले आणि सोबत एक गोष्ट पसरत गेली की ही बाई करिअरच्या मागे लागली म्हणून हिला मूल नाही. २०१६ मध्ये तिने स्वतः लेख लिहून सांगितले की ती गरोदर नाही, ती या सगळ्याला विटली आहे, आणि बाई पूर्ण आहे की नाही हे तिच्या लग्नावरून किंवा मुलावरून ठरत नाही. मग २०२२ मध्ये एका मुलाखतीत तिने सांगितले की आधीच्या काही वर्षांत ती आयव्हीएफचे (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचे) उपचार घेत होती आणि त्यांना यश आले नाही. म्हणजे जिला लोक स्वार्थी म्हणत होते, ती त्या काळात त्याच गोष्टीसाठी धडपडत होती. तिला प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात वाईट हेतू नसणार, हे मला मान्य आहे, पण त्यामुळे तिच्या त्या वर्षांतला त्रास काही कमी झाला नाही.

तुझा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो तू फोनवरही घेतला होतास. ही मंडळी स्वतःच पोटाची छायाचित्रे काढून घेतात, मासिकांना देतात, त्यावर जाहिराती मिळवतात, मग आपण विचारले तर बिघडले कुठे? छायाचित्रे देतात हे खरेच आहे. हॉलिवूडच्या डेमी मूरने १९९१ मध्ये सात महिन्यांची गरोदर असताना मासिकाच्या मुखपृष्ठासाठी विवस्त्र छायाचित्र दिले, तेव्हा काही दुकानांनी तो अंक वेष्टनात गुंडाळून विकला. आज तसे छायाचित्र नसेल तरच लोकांना चुकल्यासारखे वाटते. परंतु आपली बातमी आपल्या वेळेला सांगणे वेगळे आणि ती दुसऱ्याने आपल्या तोंडून काढून घेणे वेगळे. जॅसिंडा आर्डर्न ऑगस्ट २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या मजूर पक्षाची नेता झाली आणि काही तासांतच तिला टीव्हीवर मुलांबद्दल विचारले गेले. ती म्हणाली की ती स्वतः या विषयावर मोकळेपणाने बोलते म्हणून तिला विचारले तर चालेल, पण कामाच्या ठिकाणी बाईला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागावे हे २०१७ मध्ये मुळीच मान्य होण्यासारखे नाही. पुढच्याच वर्षी, ती पंतप्रधान आणि गरोदर असताना, एका ऑस्ट्रेलियन मुलाखतकाराने तिच्या गर्भधारणेच्या तारखेचा विषय काढला. देशाच्या पंतप्रधानाला असे विचारण्याची हिंमत कुठून येते, हे मला अजून उमगलेले नाही.

आणि मुलाखत हे त्या अभिनेत्रीचे कामाचेच ठिकाण आहे, हे तू विसरू नकोस. तिथे बसून ती चित्रपट विकत असते आणि पुढची कामेही तिथूनच मिळत असतात. धावपटू अ‍ॅलिसन फेलिक्सने २०१८ मध्ये गरोदरपण लपवण्यासाठी अंधारात सराव केला, कारण प्रायोजकाशी तिच्या नव्या कराराची बोलणी चालू होती. तिच्यापुढे आधीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम ठेवली गेल्याचे तिने २०१९ मध्ये जाहीर लिहिले. आपल्याकडे आलिया भटने जून २०२२ मध्ये बातमी जाहीर केली, तेव्हा तिच्या चित्रपटांचे काम लांबणार आणि तिला परदेशातून आणायला जावे लागणार, असे छापून आले, आणि तिला सांगावे लागले की काहीही लांबलेले नाही आणि ती पार्सल नव्हे, एक स्त्री आहे. तुझ्या हलक्याफुलक्या प्रश्नाचे उत्तर निर्मातेही ऐकत असतात.

शरीराबद्दलच्या प्रश्नांविषयी फार लिहीत नाही, कारण ते तुझ्या यादीत नाहीत. पण ‘बाळंतपणानंतर इतक्या लवकर बारीक कशी झालीस?’ हे कौतुक वाटले तरी ती तपासणीच असते. ऐश्वर्या राय बाळंतपणानंतर लगेच बारीक झाली नाही म्हणून २०१२ मध्ये तिची टर उडवली गेली आणि २०२४ मध्ये मतदानाला आलेल्या गरोदर दीपिका पदुकोणचे पोट खोटे असल्याचे लोक सांगत सुटले. २०१२ मध्येच एका पत्रकार परिषदेत रॉबर्ट डाउनी ज्युनिअरला भूमिकेच्या आंतरिक प्रवासाबद्दल आणि शेजारी बसलेल्या स्कार्लेट जोहान्सनला आहाराबद्दल विचारले गेले. त्याला असा गहन प्रश्न आणि मला सशाच्या खाण्याचा, म्हणजे पाल्याभाज्यांचा, का, असे तिने तिथल्या तिथे विचारले. तुझ्या चॅनेलवरच्या अभिनेत्यांच्या मुलाखती मी पाहिल्या आहेत. त्यांत नुकत्याच बाप झालेल्याला कोणी विचारले नाही की बाळाला कोणापाशी ठेवून आलास.

याचा अर्थ मातृत्व हा विषयच वर्ज्य करावा असे मी म्हणत नाही. तसे करणे भित्रेपणाचे होईल. सेरेनाने २०१८ मध्ये सांगितले की प्रसूतीनंतर तिला धाप लागली, आपल्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या असाव्यात हे तिने स्वतः ओळखले आणि तपासणीसाठी तिला हट्ट धरावा लागला. एवढ्या प्रसिद्ध बाईचे म्हणणेही सहजी ऐकले गेले नाही, हे त्यामुळे लोकांपुढे आले. अशी कथा बाई स्वतः सांगू लागली तर कॅमेरा बंद होईपर्यंत ऐक. तान्हे मूल असलेल्या कलावंतांसाठी सेटवर काय सोय असते, कामाचे तास कोण ठरवते, हे जरूर विचार, फक्त ते निर्मात्याला आणि नटालाही विचार.

सानिया मिर्झाला २०१६ मध्ये एका ज्येष्ठ पत्रकाराने स्थिरस्थावर होण्याबद्दल आणि मातृत्वाबद्दल विचारले. ती तेव्हा दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर होती. जगात पहिली असण्यापेक्षा मी आई होणे निवडले नाही म्हणून तुम्ही निराश झालेले दिसता, असे तिने शांतपणे सुनावले. पत्रकाराने तिथेच माफी मागितली आणि पुरुष खेळाडूला हा प्रश्न आपण कधी विचारला नसता हे कबूल केले. तो माणूस मोठ्या मनाचा खरा, पण तुझ्या पाहुणीला सानियासारखे उत्तर त्या क्षणी सुचेलच या भरवशावर तू बसू नयेस.

तेव्हा चित्रीकरणाच्या दिवशी ऐनवेळी प्रश्न गाळून संपादकाला तोंडघशी पाडू नकोस; आधीच जाऊन सांग आणि जाताना बदली प्रश्न हातात ठेव. दुखापतीनंतर तिने साहसदृश्ये स्वतः केली की बदली कलाकाराकडून करवून घेतली, आणि तो निर्णय कोणी घेतला, या एका प्रश्नात तुमच्या डेस्कला हवा तेवढा मसाला आहे. व्हिडिओचा मथळा कोण लिहितो तेही विचारून ठेव, कारण तू न विचारलेला प्रश्न थंबनेलवर छापून यायला वेळ लागत नाही. संपादक अडून बसले, तर हा प्रश्न माझ्या आवाजात जाणार नाही एवढे नम्रपणे सांग, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
आई