पाण्यातून काढल्यावर माणसाला उभं करू नका

माननीय आरोग्यमंत्री,

सप्रेम नमस्कार.

मी बचाव पथकात स्वयंसेवक आहे. एका पहाटे आम्ही गारठलेल्या पाण्यातून एका माणसाला ओढून काढलं. शुद्धीवर होता, स्वतःचं नाव सांगत होता. आम्ही त्याला दोन्हीकडून धरून उभं केलं. चार पावलं टाकली आणि तो आमच्या हातांतच कोसळला. नशिबाने वाचला. चूक आमची होती. पण ती चूक आहे हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

पाण्यात असताना पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर रेटत असतो. माणूस उभा बाहेर आला की तो आधार क्षणात जातो आणि रक्तदाब घसरतो. त्यात गारठलेलं हृदय इतकं नाजूक झालेलं असतं की साध्या हिसक्यानेही त्याची लय बिघडू शकते. म्हणून अशा माणसाला शक्यतो आडवंच काढायचं, आडवंच ठेवायचं, हलक्या हाताने हाताळायचं. आमच्या प्रशिक्षणात बाहेर कसं काढायचं यावर कितीतरी दिवस गेले, पुढे काय करायचं यावर अर्धा तासही नाही.

मग लोक मायेपोटी हातपाय चोळतात, गरम पाण्याने अंघोळ घालतात, दारूचा घोट पाजतात. यातलं काहीच करू नये. ओले कपडे कात्रीने कापावेत, अंग टिपावं, डोक्यासकट गुंडाळावं. अंगाखालीही जाड घडी हवी, हे हमखास विसरलं जातं. गरम पिशव्या कापडात गुंडाळून छातीशी आणि काखेत ठेवाव्यात. पूर्ण शुद्ध असेल, नीट गिळता येत असेल, तरच गरम गोड पेय द्यावं. थरथर थांबली पण माणूस गुंगीत चालला, तर तो सुधारत नाहीये, बिघडतोय.

श्वास दिसत नाही म्हणून हात टेकू नयेत. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या पाण्यात अडकलेल्या एका डॉक्टर महिलेचं तापमान १३.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरलं होतं. ती वाचली.

साहेब, हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायकरीत्या घसरणं, ३५ अंशांखाली सुरू होतो आणि आमच्या पेटीतला थर्मामीटर ३५ च्या खाली दाखवतच नाही. कमी तापमान मोजणारा थर्मामीटर, कात्री आणि उबदार आवरण प्रत्येक बचाव पथकाला आणि रुग्णवाहिकेला द्या. जीवरक्षक, पोलीस आणि आपत्कालीन फोन घेणारे कर्मचारी यांच्या प्रशिक्षणात हा विषय प्रात्यक्षिकासह सक्तीचा करा. पुढच्या हिवाळ्याआधी तसा आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक बचाव स्वयंसेवक