हजेरीपत्रकावरची सही म्हणजे संमती नव्हे

संपादक महोदय,

मूलनिवासींच्या हक्कांची चर्चा संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यापाशीच थांबते. १४४ देशांनी बाजूने मत दिले खरे, पण जाहीरनामा करारासारखा बंधनकारक नाही. बंधनकारक आहे तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार, तोही मान्य करणाऱ्या मोजक्या देशांपुरता.

खरी गफलत संमतीत होते. जाहीरनाम्याचे कलम ३२ सांगते की प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी, दबावाविना आणि पूर्ण माहिती देऊन संमती मिळवण्यासाठी सल्लामसलत करा. प्रत्यक्षात अनेकदा परवाना आधी निघतो, सभा नंतर भरते. अहवाल लोकांना न वाचता येणाऱ्या भाषेत असतो. सभेत शिरतानाच हजेरीपत्रकावर अंगठे घेतले जातात आणि तोच कागद पुढे संमतिपत्र म्हणून फाइलला लागतो. ही उघड फसवणूक आहे.

म्हणून हजेरी आणि ठराव वेगळ्या कागदांवर हवेत. इतिवृत्त लोकांच्या भाषेत लिहून, वाचून दाखवून मगच सह्या घ्याव्यात. नकारही कारणांसह नोंदवावा आणि प्रत त्याच दिवशी समाजाकडे राहावी. सारामाका जमात विरुद्ध दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम देश या खटल्यात आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्येच मोठ्या प्रकल्पांसाठी नुसती सल्लामसलत पुरेशी नाही, संमती हवी, असे बजावले आहे. असे वाद लढताना इतिवृत्ताची ती प्रतच हाताशी लागते.

– मूलनिवासी हक्क कायद्याचे काही अभ्यासक