आप्पांची व्ही-क्रॉस

कोल्हापूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. गाडीचे फोटोही मोठे करून पाहिले. इसुझूची ही व्ही-क्रॉस पिकअप चांगली सापडली तुला. चासीला गंज नाही, हौद्याचा पत्रा सरळ आहे, मागचे पाटे कंपनीचेच दिसतात. जुन्या पिकअपमध्ये एवढं मिळालं की बाकीचं सगळं जमवता येतं. आणि सप्टेंबरात आप्पांना घेऊन स्पितीला जायचं ठरवलंयस हे वाचून फार बरं वाटलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एसटीच्या स्टिअरिंगमागे काढली. फोंडा, गगनबावडा, आंबोली, सगळे घाट रात्री-अपरात्री चढवले-उतरवले. त्यांना एकदा दुसऱ्या कुणीतरी गाडीत बसवून हिमालय दाखवायलाच हवा.

यादीशी मात्र मी सहमत नाही. पुढे लोखंडी बंपर, त्यात अडकलेली गाडी ओढून काढायचा विंच, छपरावर तंबू, हौद्यावर हार्डटॉप, आत कप्प्यांचं लोखंडी कपाट, दोन इंच उंची वाढवणारं किट, मोठे टायर, डिझेलचे कॅन. यातली एकेक वस्तू चांगलीच आहे. पण यादी करताना त्या गाडीत कोण झोपणार हे तू पाहिलेलं नाहीस आणि सगळं मिळून वजन किती होतं हेही नाही. मी उलट्या बाजूने सुरुवात करीन. आधी आप्पा, मग वजन, मग दुकान.

वजनाचं आधी सांगतो, कारण तिथे मतांना जागा नाही. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं अशी दोन वजनं असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे तुला मिळालेली सगळी मुभा. माणसंही त्यातच मोजायची. तू, वहिनी आणि आप्पा मिळून दोनशे किलोच्या आसपास. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. छपरावरचा तंबू साठेक किलो, लोखंडी बंपर जवळपास तेवढाच, विंच तीसच्या पुढे, हार्डटॉप सत्तर, कपाट तेवढंच. अजून कपडे, भांडी, गॅस, स्टेपनीचं सामान यायचं आहे आणि आकडा साडेपाचशेच्या जवळ गेला. आपल्याकडे ऐसपैस केबिनच्या पिकअपला सहसा एवढी मुभा नसते.

वजन वाढलं की नुसतं मायलेज जात नाही. पिकअपचा हौदा मागच्या चाकांच्याही मागे लांब असतो. फाळक्याजवळ जड सामान ठेवलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं आणि उतारावर ब्रेकचं अंतर वाढतं. छपरावर वजन गेलं तर कडेला कललेल्या रस्त्यावर गाडीचा तोल बिघडतो. ऑस्ट्रेलियात या गाड्या घेऊन लोक महिनोन्‌महिने वाळवंटात हिंडतात. तिथे भरमसाठ वजन लादून आणि मागच्या पाट्यांना आधार म्हणून हवेचे फुगे बसवून केबिनच्या मागेच चासी वाकलेल्या पिकअप कितीतरी आहेत. पाटे दोन टोकांना भार वाटून देतात, फुगा तो एकाच जागी रेटतो. हे आप्पांना सांग, त्यांना चटकन पटेल.

आता कायदा. बंपर आणि बुलबार डोक्यातून काढ. डिसेंबर २०१७ पासून केंद्राने त्यावर बंदी घातली आहे आणि कारणही रास्त आहे. समोरच्या माणसाला धडक बसली तर त्या लोखंडाने जीव जातो, आणि धडकेचा जोर सेन्सरपर्यंत नीट न पोचल्यामुळे एअरबॅगची वेळ चुकू शकते. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. महाराष्ट्रातून हिमाचलपर्यंत चार-पाच राज्यं ओलांडायची आहेत, प्रत्येक नाक्यावर हुज्जत कशाला? म्हणून माझा नियम असा: गाडीला कायमचं काही जोडायचं नाही. जे करायचं ते हौद्यात ठेवता येईल, बांधता येईल आणि दोन माणसांनी उचलून घरी उतरवता येईल असं. उंची वाढवायचं किटही नको. स्पितीच्या रस्त्याला या गाडीची मूळ उंची पुरते.

आता आप्पा. त्यांचे गुडघे किती दुखतात ते तूच लिहिलंयस. छपरावरच्या तंबूत शिडीने चढायचं आणि रात्री लघवीला उठलं की अंधारात थंडीने कुडकुडत उतरायचं, हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कसं जमेल? त्यांची झोपायची जागा हौद्यातच हवी. हौदा साधारण पाच फूट लांब आहे आणि आप्पा तुझ्याहून उंच. म्हणजे फाळका उघडा ठेवून पाय त्यावर न्यावे लागणार. दोन चाकांच्या उंचवट्यांमधे साडेतीन फुटांची सपाट रुंदी मिळते, एका माणसाला ती ऐसपैस आहे.

माझ्या डोळ्यांसमोर असं आहे. हौद्यात बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय, चाकांच्या उंचवट्यांमधे बसेल असा कापलेला. त्याचं वजन बारा-तेरा किलोच्या वर जात नाही. पायाकडे बिजागरीवर दुमडणारा एक तुकडा, उघडला की फाळक्यावर टेकेल. खाली कप्पे अजिबात नकोत. कप्पे केले की गादी फूटभर वर जाते आणि आप्पांना उडी मारून बसावं लागतं. फाळका तसाही कमरेइतका उंच येतो, म्हणून पुढे एक रुंद, न डगमगणारी पायरी. सामान दोन्ही उंचवट्यांवर कडेने, झाकणाच्या पेट्यांमधे. पाण्याचे कॅन आणि हत्यारं केबिनच्या भिंतीला चिकटून, तळाशी, पट्ट्यांनी आवळून. तू आणि वहिनी शेजारी जमिनीवरच्या साध्या तंबूत. चार-पाच किलोत काम होतं.

गादीखाली जाड फोमची चटई विसरू नकोस. थंडी वरून लागते त्यापेक्षा खालच्या पत्र्यातून जास्त चढते.

वर हार्डटॉपऐवजी कॅनव्हासचं हूड करू. आपल्याकडे जीपची हूडं शिवणारे कारागीर अजून आहेत आणि त्यांचा हात उत्तम चालतो. अर्ध्या इंची पाइपच्या कमानी, हौद्याच्या कडेला क्लॅम्पने आवळलेल्या, वर जाड कॅनव्हास, मागे दुहेरी पडदा, फाळका उघडल्यावर पायांवरही येईल एवढा लांब. सगळं मिळून वीस-पंचवीस किलो. वायुवीजनाच्या दोन खिडक्या मात्र हव्यातच आणि त्या रात्री बंद करायच्या नाहीत. हूडच्या आत शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर काहीही पेटवायचं नाही, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. हे वहिनींनाही सांगून ठेव.

धुळीचाही बंदोबस्त लागेल. चालत्या पिकअपच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. फाळक्याच्या तिन्ही बाजूंना रबरी बीडिंग लावलं की बरीच थांबते.

काम इथे उद्यमनगरात करून घेऊ. फॅब्रिकेशनला इथल्यासारखी माणसं दुसरीकडे मिळणं कठीण. फक्त चासीवर एकही वेल्डिंग होऊ द्यायचं नाही. उष्णतेने त्या जागचं पोलाद ठिसूळ होतं आणि महिनोन्‌महिने आदळआपट खाल्ल्यावर तिथूनच तडा जातो. सगळं यू-क्लॅम्प आणि नट-बोल्टवर, नट नायलॉनच्या कडीचे. स्पितीच्या वाटेवर किनौरच्या पुढे रस्ता मैलोन्‌मैल थरथरवतो, साधे नट तिथे सुटतात. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ मारून ठेवायची. सकाळी फेरी मारताना रेघ तुटलेली दिसली की नट हललाय हे पाना न लावता कळतं.

पैसे खर्च करायचे तर टायरवर कर. माप कंपनीचंच ठेव, फक्त नक्षी ऑल-टेरेनची घे, आणि बाजूची भिंत जाड बघ. धारदार दगडाने टायर फाटतो तो बहुधा बाजूनेच. सोबत बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर घे. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून मोठ्या टायरला हवा भरता येत नाही, फ्यूज जातो. डांबरावर ३२ची हवा असेल तर खडकाळ रस्त्यावर २५-२६ कर, टायर दगड गिळतो आणि कंबरही वाचते. डांबर लागलं की वेग वाढवण्याआधी पुन्हा भरायची. आणि वर स्पितीतल्या काझाला गेल्यावर मीटरवर तीच हवा चारेक पॉइंट जास्त दिसेल, कारण बाहेरचा दाब घटलेला असतो. पहाटेच्या थंडीत ती परत खाली येते. म्हणून रोज एकाच वेळी, थंड टायरवर मोजायची.

विंच नको म्हणालो, पण अडकलं तर काय? एक फावडं, रुतलेल्या चाकांखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड, एक ताणला जाणारा नायलॉनचा दोर आणि चासीला बोल्टने जोडलेला, वजनाचा आकडा कोरलेला हुक. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर कधीही अडकवायचा नाही. झटक्याने तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत येतो. दोर ताणलेला असताना आप्पांना लांब, बाजूला उभं करायचं. ते मदतीला पुढे येणारच, म्हणून लिहितोय.

फ्रिज तुझ्या यादीत चैनीच्या सदरात आहे. मी तो सर्वांत वर नेला, कारण आप्पांचं इन्सुलिन. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत राहायला हव्यात आणि गोठल्या तर वाया गेल्या. राजस्थान-पंजाबच्या उन्हात आणि पुढे स्पितीच्या थंडीत, दोन्हीकडे धोका. वीस लिटरचा बारा व्होल्टचा छोटा फ्रिज पुरे, आणि तो केबिनमधे, हौद्यात नाही. त्याला ५० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लाव. सहाएक किलोची असते आणि गाडी हलली नाही तरी फ्रिज दीड-दोन दिवस चालतो. पण शून्याखाली तापमान गेलं असताना ही बॅटरी चार्ज केली की ती कायमची बिघडते, म्हणून तीही मागच्या सीटच्या पाठीशी. मधे गाडीच्या बॅटरीवरून ही बॅटरी चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर, दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि गाडीच्या बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. वायरिंगवाला म्हणेल फ्यूज इकडे बसवतो, सोपं पडतं. त्याचं ऐकू नकोस. फ्यूजच्या अलीकडची वायर घासून उघडी पडली तर आग विझवायला कुणी नसतं तिथे.

डिझेलच्या कॅनांची गरज नाही. किनौरमधे पोवारीला टाकी भरली की काझाचा पंप दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. वाचलेलं वजन पाण्याला दे. प्रेशर कुकर मात्र हवाच. काझाला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

वाट मनालीकडून नको, सिमल्याकडून घे. मनालीहून एका दमात काझाला गेलास तर आप्पांच्या शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच मिळत नाही. सिमला, मग कल्पा, तिथे दोन रात्री, मग नाकोत फक्त थांबून ताबोला मुक्काम. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला, मातीच्या भिंतींचा, आत चित्रं. आप्पांना तिथे निवांत बसू दे. हौद्यातली झोप कल्पापर्यंतच. ताबो-काझाला घरगुती मुक्कामाच्या खोल्या मिळतात, त्या घ्या. चंद्रताल दिवसा बघून खाली या, सव्वाचार हजार मीटरवर त्यांना रात्र काढायला लावू नकोस. कुंझुम खिंडीच्या बाजूचे नाले सकाळी लवकर ओलांडायचे, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. आणि निघण्याआधी डॉक्टरांचा होकार, इन्सुलिनच्या मात्रेसह, लेखी. डॉक्टर नको म्हणाले तर आप्पांना घेऊन कल्पापर्यंतच जा, तेही थोडं नाही.

तालीम फेब्रुवारीत राजापूरकडे करू. तिथल्या सड्यांच्या, म्हणजे उघड्या कातळपठारांच्या, कडेला मुक्कामाला छान जागा आहेत, पण गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवायची. त्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रं आहेत. कशेळीचा हत्तीच अठरा मीटर लांब आहे, आणि २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बरीच चित्रं पातळ माती-गवताखाली अजून झाकलेली आहेत. मोकळा सडा दिसला की गाडी घालणारे लोक पाहिले की माझा जीव तुटतो. मुक्कामाआधी गावच्या पोलीस पाटलांना भेटून सांगायचं, म्हणजे रात्री कुणी बॅटऱ्या घेऊन बघायला येत नाही. वर पाणीही तेच देतात.

तू पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन ये, आप्पांनाही आण. शिरोलीच्या अलीकडे एक वजनकाटा आहे. आधी रिकामी गाडी, मग तुम्ही तिघं बसून, मग पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी, अशा चारही पावत्या घेऊ. त्यानंतर आप्पांना हौद्यात आडवं करून खडूने मापं आखू, आणि मगच प्लाय कापायला देऊ. येताना आरसी, आप्पांची रोजची गादी आणि टेप आण. यादी तिकडेच ठेव.

वहिनींना नमस्कार, आप्पांना साष्टांग.

तुझा,
माधव