बेसबॉलवाले पोरं कशी हेरतात

ब्रिजवॉटर, न्यू जर्सी

प्रिय बंड्या,

यंदा तुला अकादमीसाठी वेगवान गोलंदाज निवडायचेत, आणि "तिकडचे बेसबॉलवाले पोरं कशी हेरतात ते लिहूनच पाठव, फोनवर तू नुसत्या थापा मारतोस" असा तुझा हुकूम. घे तर मग.

आमच्या गावात सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे. हा न्यू यॉर्क यँकीज या मोठ्या क्लबचा डबल-ए संघ. मेजर लीग म्हणजे इथली सर्वात वरची बेसबॉल लीग. तिच्या 30 क्लबांच्या हाताखाली असे प्रत्येकी चार संघ, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. दिमाख मेजर लीगचा, पण 2023 च्या करारातही डबल-एच्या पोराचा किमान पगार ठरला वर्षाला 30,250 डॉलर. न्यू जर्सीत तेवढ्यात कसंबसंच भागतं.

बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे, वेग मोजायची रडार गन आणि स्टॉपवॉच घेऊन स्काऊट, म्हणजे पोरं हेरणारे, बसतात. त्यातल्या एका म्हाताऱ्याशी माझी गट्टी जमलीय. परवा तो एका उजव्या हाताच्या पिचरला, म्हणजे त्यांच्या गोलंदाजाला, बघायला आला होता. पोरगा 95 मैलांनी, म्हणजे आपल्या हिशेबात ताशी 153 किलोमीटरने फेकत होता. मी हरखून गेलो. म्हातारा म्हणाला, "95 हल्ली सगळेच टाकतात." त्याचं सगळं लक्ष चेंजअपवर. हा चेंडू दहा-अकरा मैलांनी हळू येतो, पण हात फास्टबॉलच्याच झपाट्यात फिरायला हवा, नाहीतर बॅटरला आधीच सुगावा लागतो. या पोराचा हात दर चेंजअपला किंचित रेंगाळत होता. एकदा दाखवल्यावर मलाही दिसायला लागलं.

गुण 20 ते 80 मध्ये देतात. 50 म्हणजे मेजर लीगची सरासरी. आणि प्रत्येक चेंडूसमोर दोन आकडे: एक आजचा, एक पुढे होईल तो. चेंजअपला त्याने आज 40 दिले, पुढे 50. मला सगळ्यात आवडलं ते हे. आपल्याकडे निवड समिती विकेटा मोजते आणि मोकळी होते.

तिसऱ्या इनिंगमध्ये पोराने होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, खाल्ला. म्हाताऱ्याने वहीला हातही लावला नाही. पुढच्या बॅटरला मात्र पोरगा घाईवर आला, पुढचा पाय तिसऱ्या बेसकडे, म्हणजे त्याच्या उजवीकडे, पडू लागला, शरीर आडवं ओढून फेकू लागला. हे लगेच टिपलं! पाचव्या इनिंगला वेग 92 वर आला, तेही टिपलं. स्टार्टरला, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरला, एकाच सामन्यात तेच बॅटर दोन-तीनदा भेटतात, त्यामुळे तिसऱ्या प्रकारचा भरवशाचा चेंडू आणि दम दोन्ही लागतं. नाही जमलं, तर मधूनच येणारा रिलीव्हर म्हणून एखादी इनिंग. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

2008 ची ती 'मिलियन डॉलर आर्म', भारतात पिचर शोधणारी टीव्हीवरची स्पर्धा आठवते? उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना मेजर लीगच्या पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने घेतलं होतं. हातात ताकद होती, पण चेंडू लहानपणापासून बोटांत खेळलेला नव्हता. रिंकू सिंगल-एपर्यंत पोचला, पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. मेजर लीग दोघांनाही गाठता आली नाही.

इथल्या वेगाच्या वेडाचं मात्र कौतुक करू नकोस. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा लिगामेंट बदलला. आता ते ऑपरेशन शाळकरी पोरांवरही होतं. तुझ्याकडची पोरं रोज किती चेंडू टाकतात ते आधी लिहून ठेवायला लाग.

आणि तुझ्याकडच्या त्या डावखुऱ्या गोलंदाजाचा व्हिडिओ पाठव. वेगवान चेंडू आणि स्लोअर वन, दोन्ही चेंडू बाजूला उभं राहून काढ, खांद्यापासून हात सुटेपर्यंत दिसेल असा. म्हाताऱ्याला दाखवतो. क्रिकेट त्याला कळत नाही, पण हात कळतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या