डिक्सीलँडची शिस्त

महोदय,

रविवार पुरवणीतील जॅझवरच्या लेखात, डिक्सीलँड या जॅझच्या जुन्या शैलीविषयी, ‘डिक्सीलँडमध्ये ज्याला जे सुचेल ते त्याने वाजवायचे’ असे म्हटले आहे. नव्या श्रोत्याची यातून दिशाभूल होते. लुई आर्मस्ट्राँगने जुलै १९५४ मध्ये शिकागोत संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांच्या रचना कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केल्या. ती तबकडी ऐकताना एका वेळी एकाच वाद्यावर कान ठेवावा.

आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट मधल्या पट्टीत मूळ चाल सांभाळतो. बार्नी बिगार्डचा क्लॅरिनेट तिच्या वर भरभर स्वरांची नक्षी काढतो. ट्रमी यंगचा ट्रॉम्बोन खालून, ट्रम्पेट श्वास घेतो त्या फटीत, मींड घेत पुढच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहावर) पोचतो. क्लॅरिनेट खाली ट्रम्पेटच्या पट्टीत घुसला की चाल झाकली जाते. ट्रॉम्बोनने फार स्वर भरले की सगळे गढूळ होते. उत्स्फूर्तता आहेच, पण ती प्रत्येकाने आपापली जागा राखून. बिली काइल (पियानो), आर्वेल शॉ (बास) आणि बॅरेट डीम्स (ड्रम) ताल धरतात, म्हणून तर पुढच्या तिघांना मोकळीक मिळते.

तेव्हा ५२ वर्षांच्या आर्मस्ट्राँगला ध्वनिमुद्रणाचा ३१ वर्षांचा अनुभव होता. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या ताफ्यात, इंडियानातील रिचमंडच्या जेनेट स्टुडिओत, मायक्रोफोनच नव्हता; सगळा आवाज कर्ण्यात गोळा होई. आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखेच वाद्य) इतरांना झाकून टाकी, म्हणून त्याला बराच मागे उभे करावे लागले. शिवाय दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. जास्त वेळ वाजणाऱ्या एलपी तबकडीमुळे १९५४ मध्ये ‘सेंट लुईस ब्लूज’ जवळपास नऊ मिनिटे फुलवता आले. व्हेल्मा मिडलटनच्या गायनालाही त्यात ऐसपैस जागा मिळाली आहे.

ध्वनिमुद्रणाच्या टेपमुळे आणखी एक सोय झाली. ट्रम्पेटवादकाचे ओठ थकले की आधी वरचे स्वर डळमळतात. एकाच गाण्याचे वीस-वीस टेक (सलग ध्वनिमुद्रणे) घेणे शक्य नसते. निर्माते जॉर्ज अवाकियन निरनिराळ्या टेकमधले चांगले भाग कापून जोडत. पण दोन्ही टेकची लय तंतोतंत जुळावी लागते आणि झांजेची आस (रेंगाळणारा नाद) मध्येच तुटली की सांधा लगेच कळतो.

तबकडी सुचवताना आवृत्तीही छापावी, ही विनंती. १९८६ च्या सीडीत काही गाण्यांचे वेगळेच टेक आहेत. मूळ एलपीतले टेक १९९७ च्या आवृत्तीत परत आले.

– एक वाचक