सायबेरियाच्या पायाखालची जमीन

संपादक महोदय,

सायबेरियावरील लेखांत तेल, वायू आणि हिऱ्यांचे आकडे येतात. ज्या गोठलेल्या जमिनीवर हा सगळा डोलारा उभा आहे, तिच्याबद्दलही लिहायला हवे. १६३२ मध्ये वसलेल्या याकुत्स्कमध्ये मोठ्या इमारती काँक्रीटच्या खांबांवर उभारतात. खांब उन्हाळ्यातही न वितळणाऱ्या थरात खोल रोवतात आणि इमारतीखाली मोकळी जागा ठेवतात. त्यामुळे घरातली ऊब जमिनीत उतरत नाही आणि हिवाळ्यातली थंड हवा खालून खेळती राहते. ही जागा बुजवली किंवा गरम पाण्याचा नळ गळत राहिला, की बर्फ वितळतो, खांब खचतात, भिंतींना तडे जातात. मे २०२० मध्ये सायबेरियातल्याच नोरिल्स्क शहराजवळ असेच आधाराचे खांब खचल्याने इंधनाची टाकी फुटून सुमारे २० हजार टन डिझेल सांडले आणि त्यातले बरेचसे अंबार्नाया नदीत गेले.

– भूगोलाचे अभ्यासक